हत्तीच्या पोटात मुंगी

नावाच्या पाट्यांच्या दुकानात दुपारच्या वेळी गिऱ्हाईक फिरकत नसे. मालक जेवायला घरी जात आणि मागे एकटी मुंगी उरे. पुढ्यात पितळेचं नुकतंच कापलेलं इंग्रजी अक्षर, हातात कानस, मांडीवर पिवळी पूड. कानस पुढे-मागे चालू लागली की त्या आवाजाने तिला हळूहळू गुंगी येई. झोप नव्हे, झोपेच्या जरा अलीकडे एक जागा असते ना, तिथे ती जाऊन बसे. मग रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानावरची 'फार्मसी' ही इंग्रजी अक्षरं भिंतीवरून सुटत आणि उन्हात फिरू लागत. त्यांतून आधी 'हार्प' निघे, मग 'मार्च' महिना निघे, मग 'चार्म' निघे, आणि एवढं देऊन झालं की ती अक्षरं गुपचूप आपापल्या जागी परत जात. हात मात्र थांबत नसे. कानस आजवर एकदाही तिच्या बोटाला लागलेली नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई कामचुकार होती.

गल्लीत तिला पाटीमावशी म्हणत. घरी यजमान 'अगं' म्हणत आणि मुलगी 'आई'. मुंगी हे नाव आता फक्त एका माणसाच्या तोंडी उरलं होतं, तिच्या मोठ्या भावाच्या, आणि त्याच्याशी ती कित्येक वर्षं बोलत नव्हती. तरी आपण तिला मुंगीच म्हणू, कारण मनातल्या मनात ती स्वतःला तेच म्हणते.

नाव पडलं ते असं. लहानपणी तिला इंग्रजीची धडकी भरलेली होती. दादा तिच्याहून बराच मोठा. एका उन्हाळ्यात संध्याकाळी त्याने तिला गच्चीवर उताणं झोपवलं, शेजारी स्वतः आडवा झाला आणि आभाळाकडे बोट करून म्हणाला, "समज, तिथे एलिफंट लिहिलंय. एकेक अक्षर वाच."

तिने चाचपडत वाचलं. ई, एल, ई, पी, एच, ए, एन, टी.

"आता शेवटची तीनच बघ."

"ए, एन, टी. अँट!" ती उठूनच बसली. "दादा, हत्तीच्या पोटात मुंगी!"

"झोप खाली. अजून कोण कोण आहे बघ."

तिने बघितलं. हॅट होती, पेन होतं, प्लेट होती. मग दादाने हवेत बोट फिरवत अक्षरं इकडची तिकडे केली आणि त्याच हत्तीतून अख्खा 'प्लॅनेट' बाहेर काढला. तेवढ्यात गच्चीच्या कठड्यावर पहिली चांदणी दिसू लागली होती, आणि त्या वयात तिला खरंच वाटलं, की हा ग्रह दादानेच हत्तीच्या पोटातून काढून तिथे ठेवला. इंग्रजीची भीती त्या संध्याकाळी गेली ती गेलीच. दादा हत्ती झाला आणि ही मुंगी.

पुढे हा खेळ त्यांना जडला. बिस्किटांचे पुडे, औषधाच्या बाटल्या, गाड्यांच्या नंबरांतली अक्षरं, काही सुटलं नाही. नियम सगळे दादाचे. एका अक्षराचा शब्द धरायचा नाही. "'आय' आहे, 'ए' आहे," असं ती भांडायची, तर तो म्हणे, "ते शब्द नाहीत, ते नुसते उभे असतात." दोन अक्षरी शब्दांनाही तो नाक मुरडायचा. आळशी माणसाची कमाई, म्हणायचा. आईला या सगळ्यातलं ओ की ठो कळत नसे. तिचा घरात एकच नियम होता. हाक मारली की आधी ओ द्यायची, मग काय असेल ते बोलायचं. ओ न देता "काय आहे?" म्हटलं की पाठीत धपाटा. त्यामुळे त्या घरात दिवसभर "मुंगेऽ" आणि "ओऽ" एवढंच ऐकू येई, असं शेजारी म्हणत.

आणि त्याच आईवरून दोघांचं फाटलं. मुंगी लग्न होऊन लांबच्या गावी आली होती, रात्रभराच्या बसच्या अंतरावर. आई आजारी पडली ते दादाने तिला कळवलं नाही. मुंगीची मुलगी नुकतीच बाळंत झालेली, घरात तान्हं मूल. तिला पळापळ नको, अशी आईनेच मला शपथ घातली होती, असं त्याचं म्हणणं तिला पुढे दुसऱ्यांकडून कळलं. मुंगी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईचा चेहराही दिसला नाही. दारात, चार माणसांच्या देखत ती दादाला म्हणाली, "आजपासून तुझ्या तोंडचा एक शब्द मला ऐकायचा नाही." आणि आल्या पावली मागे फिरली. दादा फाटकापर्यंत आला. "मुंगेऽ," त्याने हाक मारली. मग पुन्हा एकदा मारली. ती गाडीत बसली, काच वर केली आणि ओ दिली नाही.

राग शांत व्हायला माणसाला फार लागत नाही हो, पण शांत झालोय हे कबूल करायला जन्म जातो. त्यात दादा महाहट्टी. ऐकायचा नाही ना माझा शब्द, मग नाही ऐकवणार. त्याने ते तंतोतंत पाळलं. खुशाली कळे ती वहिनीकडून, तीही यजमानांमार्फत, वळणावळणाने.

मग तो फोनवरचा खेळ आला. मुलीने एका सुट्टीत आईच्या फोनवर टाकून दिला. चौकटींचा एक पट, प्रत्येकाच्या वाट्याला सात अक्षरं, त्यांतून इंग्रजी शब्द करून पटावर लावायचे, एकाच्या शब्दाला दुसऱ्याचा शब्द जोडायचा. इंग्रजी कोशात नसलेला शब्द फोन घेतच नाही. असलेल्या शब्दावर बोट ठेवलं की अर्थ सांगतो. चार दिवसांनी फोनवर दिसलं, 'दादा तुमच्याशी खेळू इच्छितात.' मुंगी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसली. मग तिने स्वतःची समजूत घातली. खेळणं म्हणजे काही बोलणं नव्हे. तिने हो दाबलं.

तेव्हापासून बोलणं बंद आणि शब्द चालू, असा त्यांचा संसार सुरू झाला. सकाळी चहाबरोबर तिची खेळी, संध्याकाळी त्याची. एक डाव संपला की न विचारता दुसरा. पटावर त्याचा शब्द उमटला की तिला बरं वाटे. उठलाय, जेवलाय, चष्मा सापडलाय. नाही उमटला की दिवसभर कानस जड जाई. हे तिने कोणापाशी बोलून दाखवलं नाही. यजमान घड्याळं दुरुस्त करत, त्यामुळे बारीक गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटत नसत.

एक गोष्ट मात्र तिला खटकू लागली होती. दादाचा खेळ बसला होता. ज्या माणसाने हत्तीतून ग्रह काढला, तो आता दोन-तीन अक्षरांचे फुटकळ शब्द लावायचा. ए-जी-ए, म्हणजे कोणा जुन्या राज्यातला सरदार. एम-आय, म्हणजे सुरांतला एक सूर. ए-आय, म्हणजे झाडाला उलटा लटकून झोपा काढणारा एक संथ प्राणी. एन-ए. बी-ओ-एल-ई, म्हणजे झाडाचं खोड. एकदा तर चांगली मोकळी जागा सोडून त्याने कोपऱ्यात एस-ए-डी लावलं, 'सॅड'. दुःखी. मुंगी मोठमोठे शब्द लावी, भराभर जिंके, आणि जिंकून तिला काडीचा आनंद होत नसे.

"म्हातारा झाला," ती यजमानांना म्हणाली. "आळशी माणसाची कमाई खातोय."

"समोरच्याचं घड्याळ मागे पडलंय म्हणण्याआधी आपलं बघावं," यजमान भिंगातून नजर वर न काढता म्हणाले.

वहिनीचा फोन आला तो नेमका मुंगीने उचलला. इतक्या वर्षांत दोघी थेट बोलल्या नव्हत्या. वहिनीने पाल्हाळ लावलं नाही. दादाचा आवाज बरेच महिने बसला होता. तपासण्या झाल्या. गळ्यातली आवाजाची पेटीच काढून टाकायची आहे, येत्या शुक्रवारी सकाळी. जिवाला धोका नाही म्हणतात. पण आवाज राहणार नाही.

"राहणार नाही म्हणजे?" मुंगीने विचारलं.

"म्हणजे नाहीच, ताई. शुक्रवारनंतर बोलता येणार नाही त्यांना. कधीच."

आपण दारात उभं राहून काय बोललो होतो ते मुंगीला लख्ख आठवलं, एकेक शब्द. देवाने तेवढंच कसं ऐकून ठेवलं होतं!

"तो... तो काही म्हणाला का? माझ्याबद्दल?"

"काय म्हणणार? तुम्ही शब्द ऐकायचा नाही म्हणालात. ते तुमच्या पुढचे हट्टी. मी म्हटलं, फोन करा एकदा, तर म्हणतात, मी तिला बोलावलंय, यायचं असेल तर येईल."

"कधी बोलावलं? मला नाही कोणी बोलावलं!"

"मला काय ठाऊक बाई तुमच्या घराण्याचं," वहिनी म्हणाली आणि तिचा आवाज भरून आला.

मुंगीने तेव्हाच निघायला हवं होतं. तुम्ही-आम्ही सांगू तिला तसं. पण माणूस आतून हललं की वरून जास्तच ताठ होतं. त्याला एकदा हाक मारू दे, अनवाणी निघेन, ती म्हणाली. खोटं कशाला बोलायचं, बोलावलं म्हणे! ती फोन जवळ घेऊन बसू लागली. जेवताना जवळ, दुकानात जवळ, कानस थांबवून मध्येच बघायची. फोन वाजला नाही. पटावर तेवढी त्याची खेळी आली. वाय-ई. तिने बोट ठेवून अर्थ बघितला. 'तुम्ही, जुन्या काळचा शब्द.' दोन अक्षरं! अशा वेळी, आवाज जायला चार दिवस उरले असताना, याला हेच सुचतं? तिला असा राग आला की तिने आपली खेळी लावलीच नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. तिच्या वाट्याची सात अक्षरं तशीच पडून राहिली आणि पटाच्या मधोमध त्याचं वाय-ई तिच्या उत्तराची वाट बघत राहिलं.

त्या दिवसांत तिला एक स्वप्न पडे, आणि तेही भर दुपारी, डोळे उघडे असताना. ती गच्चीवर उताणी झोपलेली आहे. आभाळभर पितळेची अक्षरं टांगलेली आहेत आणि वारा आला की एकमेकांवर हलकेच आपटतात. कोणीतरी हाक मारतंय, पण हाकेला आवाज नाही. नुसता आकार आहे. ती तो आकार वाचायला जाते आणि कानस थांबते.

गुरुवारी दुपारी अशीच ती बसली होती, तेव्हा दुकानाचं दार उघडलं. गाणं शिकवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी नवं घर बांधलं होतं आणि घराच्या नावाची पाटी मागवली होती. गल्लीत नाना भाषांची माणसं, टपालवाल्यालाही वाचता यावं, म्हणून नाव इंग्रजी अक्षरांत. त्यांच्या यजमानांनी फोनवर स्पेलिंग सांगितलं होतं. मालकांनी ते लिहून घेतलं, मुंगीने तीन अक्षरं कापली, घासली, चमकवली आणि लाकडावर बसवली. पाटी देखणी झाली होती. तिने फडक्याने पुसून ती गाणाऱ्या बाईंच्या पुढे ठेवली.

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो मावशी, हे काय! घरावर 'दुःखी' लिहिलंत?"

"तुमच्याकडूनच आलंय बाई. एस, ए, डी. मला वाटलं, असते एकेकाची आवड."

"आवड? वास्तुशांतीला आलेली माणसं सांत्वन करून जातील माझं!" बाईंना हसू आवरेना. "अहो, साद! साद! घराचं नाव साद आहे. साद घालतात ना कुणाला, हाक मारतात, ती. आमच्या ह्यांना अक्कल नाही, एक ए कमी सांगितला. अजून एक ए घाला मध्ये, म्हणजे झालं."

मुंगीने पाटी हातात घेतली. तीच तीन अक्षरं. तिनेच कापलेली, बोटांनी शंभरदा चाचपलेली. एस, ए, डी. साद.

"मावशी? बरं वाटत नाही का?"

जन्मभर जी बाई मराठी नावं इंग्रजी अक्षरांत कापत आली, तिच्या हे ध्यानात येऊ नये! याला काय म्हणावं? दुकानात रोज ती हेच करत होती आणि घरी गेल्यावर फोनपुढे बसून कोशातले अर्थ बघत होती. काखेत कळसा म्हणतात तो हाच. तिने फोन काढला आणि झालेले डाव एकेक करून मागे उलटू लागली.

ए-जी-ए. कुठला सरदार! अगं. अगं, म्हणत होता तो.

एम-आय. मी.

ए-आय. झाडाला लटकणारा प्राणी नव्हता तो. आई होती.

बी-ओ-एल-ई. बोल. शेवटची ई फोनला खपावी म्हणून चिकटवलेली. त्याच्या खालीच एन-ए. ना. बोल ना.

सगळेच शब्द काही बोलत नव्हते. 'टॉवेल' होता तो टॉवेलच होता. पण दर डावात एखादा शब्द तिच्याकडे तोंड करून उभा होता, आणि तिने त्याला आळशी म्हणून हिणवलं होतं. बिचारा सात अक्षरं पुढ्यात घेऊन, इंग्रजी कोशाची परवानगी घेऊन, मराठीत हाका मारत होता. तोंडचा शब्द ऐकायचा नाही म्हणाली होती ना? त्याने तोंड उघडलं नव्हतं. शब्द मात्र पाठवत राहिला होता. आणि शेवटचा शब्द अजून पटावर तसाच होता.

वाय-ई.

ये.

मुंगी दुकानात मोठ्याने रडली. गाणाऱ्या बाईंनी तिला पाणी दिलं. "एवढं मनाला लावून घेऊ नका हो, एका ए-चा तर प्रश्न आहे," त्या म्हणाल्या.

डोळे पुसून तिने आपली सात अक्षरं बघितली. 'ओ' होता त्यांत. तिला ओ द्यायची होती, पण एका अक्षराचा शब्द नसतो. ती इतर अक्षरांकडे बघत राहिली आणि त्या रडण्यातही तिला ती जुनी गुंगी आली. अक्षरं हलली, सरकली. टी आणि आय. तिने ती दोन अक्षरं उचलून त्याच्या वाय-ईच्या पुढे लावली. ये आणि ती. येती. फोनने शब्द घेतला. बोट ठेवल्यावर अर्थ दाखवला, 'बर्फाळ डोंगरांत राहतो म्हणतात तो केसाळ राक्षस.'

संध्याकाळी बॅग भरताना तिने यजमानांना हे दाखवलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावून वाचलं. "अर्थ दोन्हीकडून बरोबर आहे," ते म्हणाले, आणि तिचं तिकीट काढायला गेले.

निघण्याआधी तिने फोन केला. वहिनीने उचलला. "ते आत्ताच झोपलेत ताई, औषध दिलंय. उठवू का?"

इतक्या वर्षांचं बोलायचं ते फोनवर, अर्धवट झोपेतल्या माणसाशी? तिला त्याच्या शेजारी बसून ऐकायचं होतं. त्याचा आवाज पोटभर ऐकायचा होता. "नको उठवू," ती म्हणाली. "सकाळी येतेच आहे. त्याला नेण्याआधी दोन तास तरी मिळतील."

बसमध्ये तिने काय काय विचारायचं ते ठरवलं. आई शेवटी काय म्हणाली ते विचारायचं. मग त्याला ओरडू द्यायचं, मनसोक्त. मग मुंगे म्हणायला सांगायचं. मांडीवर एक पत्र्याचा डबा होता, दुकानातली मोडकी-बिघडकी अक्षरं टाकायचा. हाताला येईल ते उचलून ती निघाली होती. बस वळली की डब्यात अक्षरं खुळखुळत. बाहेर शेतं, दिवे, झोपलेली गावं मागे जात होती आणि तिला वाटत होतं की ती सगळी एका लांबलचक शब्दातली अक्षरं आहेत आणि तो शब्द आता वाचून होणारच.

सकाळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात वहिनी बाकावर एकटी बसलेली होती. तिच्या मांडीवर दादाची चप्पल, पिशवीत घातलेली.

"आधीच्या पेशंटला ताप भरला," वहिनी म्हणाली. "म्हणून ह्यांना अगोदर नेलं. आत्ताच, ताई. तुम्ही बसमधून उतरत असाल तेव्हा."

मुंगी त्या बंद दाराकडे बघत उभी राहिली. वहिनीनेच तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"उठल्यावर फोन बघितला त्यांनी. आणि असे हसले, असे हसले, त्या बसक्या आवाजात, की नर्स धावत आली. मला म्हणाले, 'अगं, मुंगी येती. राक्षस होऊन येती.' सारखं तेच. इंजेक्शन देताना नर्सलाही सांगितलं, 'माझी मुंगी येती.' तिला वाटलं, अंगावर मुंगी चढली. बिचारी चादर झटकत बसली."

मुंगी हसली आणि हसताहसता रडली. "ते शेवटचं बोलणं त्याचं?"

"नाही," वहिनी खरं बोलणारी बाई. "शेवटी म्हणाले, 'चप्पल नीट ठेव, नवी आहे.'"

दोघी त्या पिशवीकडे बघत बसून राहिल्या. दुपारी डॉक्टर येऊन सगळं नीट झालं म्हणून सांगून गेले. नीट झालं ही आनंदाचीच गोष्ट होती. तरी मुंगीच्या मनात एकच घोकणं चाललं होतं. आपण झोपेतून उठवायला नको म्हणालो. 'उठव' हे तीनच अक्षरांचं होतं.

चार दिवस तिने त्याला काचेतून बघितलं. पाचव्या दिवशी आत सोडलं. दादा उशांना टेकून बसला होता. गळ्याला पांढरी पट्टी, गाल आत गेलेले, हत्तीचं काही म्हणून उरलं नव्हतं. तो तिच्याकडे बघत राहिला आणि ती दारातच थबकली, तशाच दारात, जशा दारात ती एकदा नको ते बोलली होती. मग तिने पुढे जाऊन डबा त्याच्या पांघरुणावर ठेवला आणि झाकण काढलं.

त्याने आत बघितलं. डोळे चमकले. तो बोटांनी अक्षरं चिवडू लागला. बारीक खुळखुळ होत राहिली. मुंगीला वाटलं, आता मोठा शब्द येणार. एवढ्या वर्षांचा हिशोब आहे, चांगला सात अक्षरी लावेल. तो वेळ लावत होता. एक ए काढून त्याने पांघरुणावर ठेवला. कोपरा तुटलेला एक टी काढून जरा लांब ठेवला. मधलं अक्षर काही सापडेना. शेवटी त्याने एक झेड उचलला, न्याहाळला, आडवा केला. झाला एन.

ए, एन, टी.

तिने वाचलं. व्हरांड्यात कोणाच्या तरी ट्रॉलीची चाकं कुरकुरत गेली. फाटकापाशी दोनदा मारलेली हाक, पटावरच्या सगळ्या हाका, त्या पांघरुणावर तीन पितळी अक्षरांत येऊन बसल्या होत्या. तिला बोलायचं होतं आणि गळ्यातून आवाज फुटेना. तिचाही. तिने डब्यात हात घातला, चाचपून एक गोल अक्षर काढलं आणि त्याच्या तीन अक्षरांसमोर ठेवलं.

ओ.

दादाने ते बघितलं आणि मान हलवली. नाही. एक बोट वर करून त्याने ते अक्षर बाजूला सारलं. एका अक्षराचा शब्द धरायचा नाही. मग तेच बोट त्याने आपल्या कानाला लावलं आणि वाट बघत बसला.

"ओ," मुंगी म्हणाली.

त्याने बोट कानावरून काढलं नाही.

"ओऽ! ओ दादा! ओऽऽ!"

नर्स धावत आत आली. हॉस्पिटल आहे हे, एवढ्या मोठ्याने कोण ओरडतं, असं बरंच काही म्हणाली. दादा नुसता हसत होता, बिनआवाजाचा, आणि त्याचे डोळे भरून वाहत होते. मुंगीने डोळे पुसले, नर्सची माफी मागितली, आणि पुन्हा एकदा, आता हळू आवाजात, त्याच्या कानाशी वाकून ओ दिली.